गिरणी थांबते तेव्हा : विस्थापित वस्त्रोद्योग कामगार आणि शासनाचे साहाय्य

(धारणी येथे कामगारांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



धारणी हे काही गिरण्यांचे गाव नव्हे. सिपना आणि तापी यांच्या खोऱ्यातील, सागवानाच्या रानाने वेढलेले हे तालुक्याचे ठिकाण कोरकू बांधवांचे आहे. शेती, जंगलातील कामे आणि हंगामी मजुरी यांवर येथील संसार चालतात. असे असता वस्त्रोद्योगातील बेकार कामगारांचा विषय येथे कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर धारणीवरून जाणाऱ्या रस्त्यात आहे. परतवाड्याहून निघालेला हा रस्ता सेमाडोह आणि हरिसाल ओलांडून धारणीस येतो आणि पुढे बऱ्हाणपुराकडे उतरतो. त्याच्या एका टोकाला अचलपूर आहे, दुसऱ्या टोकाला बऱ्हाणपूर. दोन्ही गावे कापडाची. अचलपुरात विदर्भ मिल होती आणि पुढे फिनले मिल आली. बऱ्हाणपुरात १९०६ साली स्थापन झालेली ताप्ती मिल आहे आणि यंत्रमागांचा मोठा व्यवसाय आहे. मेळघाटातील माणूस कामाच्या शोधात डोंगर उतरतो, तो याच दोन दिशांना. त्यामुळे तेथील भोंगा बंद झाला की त्याची झळ येथील चुलीपर्यंत पोहोचते. गिरणी थांबली तर कामगाराच्या पदरात कायद्याने काय पडते आणि ते पडावे म्हणून त्याने काय सांभाळले पाहिजे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पहिली आयात

परदेशी मालामुळे विणकर बेकार होण्याचा प्रसंग वऱ्हाडावर पहिल्यांदा आला तो एकोणिसाव्या शतकात. तोपर्यंत या भागात गावोगाव सूत निघत असे. कोष्टी आणि साळी नीट पोताचे कापड विणीत. महार समाजातील विणकर जाडेभरडे पण टिकाऊ कापड विणीत. निमाडच्या बाजूला बलाई समाजाकडे विणकाम आणि गावरखवाली ही दोन्ही कामे परंपरेने होती. बऱ्हाणपूरचे तलम कापड आणि जरीकाम तर दूरदेशी जाई. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने तेथून इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जाणाऱ्या कापडाची नोंद करून ठेवली आहे.

१८५३ साली निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. लोहमार्ग आला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. या रुळांवरून रुईच्या गठाणी बाहेर गेल्या आणि त्याच रुळांवरून विलायती कापड आत आले.

हे आपोआप घडले असे मात्र समजू नये. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी त्या सुमारास आपल्या अहवालात हा हिशेब उघडपणे मांडला होता. लोहमार्ग झाला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, गावात कातला जाणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीस उपलब्ध होतील, असा त्याचा आशय होता. विणकराच्या बेकारीची तेथे लाभ म्हणून गणना झाली होती. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, तेव्हा धंदा गमावून मजूर झालेल्या या माणसांजवळ ना माग उरला होता, ना जमीन.

याच काळातील दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. अमेरिकी कापूस न मिळाल्याने लँकेशायरच्या गिरण्या थांबल्या आणि तेथील कामगार बेकार झाले, तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने १८६३ साली खास कायदा केला. त्या भागातील स्थानिक संस्थांना कर्ज देऊन रस्ते, गटारे, पाणीपुरवठा अशी कामे काढण्यात आली व बेकार कामगारांना त्यांवर लावण्यात आले. म्हणजे कापसाच्या एकाच उलथापालथीत लँकेशायरच्या कामगारामागे कायदा उभा राहिला, वऱ्हाडच्या विणकरामागे कोणी राहिले नाही. दोघांच्या कष्टात फरक नव्हता. एकाचे गाऱ्हाणे ऐकणारी लोकसभा होती, दुसऱ्याची नव्हती, एवढाच तो फरक होता.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा फरक मिटविण्याचे वचन दिले. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी राज्याने आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत नागरिकाला साहाय्य करावे, असे अनुच्छेद ४१ सांगतो. आजच्या सर्व साहाय्य योजनांचे मूळ या अनुच्छेदात आहे.

इतर देशांचा अनुभव

आयातीमुळे काम गेलेल्या कामगारास वेगळे साहाय्य द्यावे, ही कल्पना अमेरिकेने १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्यात प्रथम आणली. व्यापार खुला केल्याचा लाभ साऱ्या देशाला होतो, तर त्याचा भार काही थोड्या कामगारांवरच का पडावा, हा त्यामागील विचार. त्यात भत्ता, नव्या कामाचे शिक्षण आणि दुसऱ्या गावी जाण्याचा खर्च यांची तरतूद होती. परंतु अटी एवढ्या कडक होत्या की १९६९ पर्यंत एकाही कामगार-गटाला हे साहाय्य मिळू शकले नाही. १९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या, तेव्हा कोठे योजना खऱ्या अर्थाने चालू लागली. जुलै २०२२ पासून, मुदतवाढ न मिळाल्याने, नव्या अर्जांचा विचार थांबला. युरोपीय देशांनीही २००७ पासून अशा कामगारांसाठी एक समान निधी उभारला.

या अनुभवातून एक बोध घेण्यासारखा आहे. कायद्याच्या पुस्तकात साहाय्य लिहिले गेले म्हणजे ते कामगाराच्या हाती पडले असे होत नाही. मधल्या अटींचा उंबरठा त्याला ओलांडता आला पाहिजे.

वऱ्हाडच्या गिरण्या

आपल्याकडे मात्र गिरण्या बंद पडण्यास केवळ आयात कारणीभूत झाली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जुनी यंत्रे, नव्या भांडवलाचा अभाव, कर्जाचा बोजा, कापसाच्या भावातील चढउतार आणि यंत्रमागाच्या स्वस्त कापडाशी स्पर्धा यांनी गिरण्या आधीच खिळखिळ्या झाल्या होत्या. आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध एप्रिल २००१ मध्ये उठले, जागतिक वस्त्रव्यापारातील कोटा पद्धती २००४ च्या अखेरीस संपली आणि २०११ मध्ये बांगलादेशाच्या ४६ वस्त्रप्रकारांना शुल्कमुक्त प्रवेश मिळाला. यामुळे आधीच अशक्त असलेल्या गिरण्यांपुढे बाहेरच्या भावाशी टिकाव धरण्याचे नवे आव्हान आले.

आजारी गिरण्या वाचविण्यासाठी केंद्र शासनाने १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन केले आणि १९७४ च्या कायद्याने १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. अचलपूरची विदर्भ मिल, अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल आणि बऱ्हाणपूरची ताप्ती मिल या त्यांत होत्या. हेतू रोजगार टिकविण्याचा होता आणि काही दशके तो साधलाही. पण आधुनिकीकरणाचा वेग अपुरा पडला. २००२ नंतर महामंडळाच्या बहुसंख्य गिरण्या बंद करण्यात आल्या आणि कामगारांना सुधारित स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली मोबदला देण्यात आला. मुंबईची फिनले मिल अचलपुरात नव्या यंत्रसामग्रीनिशी उभी राहिली, तेव्हा या भागात पुन्हा आशा निर्माण झाली होती. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या गिरण्या थांबल्या आणि त्यानंतर अचलपूरच्या गिरणीचे काम पूर्ववत राहिले नाही.

१९८६ चा पुनर्वसन निधी

खाजगी गिरण्यांतील कामगारांसाठी केंद्र शासनाने जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणात एक महत्त्वाची घोषणा केली आणि त्यानुसार १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना अमलात आली. गिरणी कायमची बंद झाल्यास कामगाराला तीन वर्षे उतरत्या प्रमाणात साहाय्य द्यावे, अशी तिची रचना होती. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के. महिना १,२०० रुपये मिळविणाऱ्या कामगाराला या हिशेबाने पहिल्या वर्षी दरमहा ९००, दुसऱ्या वर्षी ६०० आणि तिसऱ्या वर्षी ३०० रुपये मिळत. या मुदतीत त्याने दुसरे काम शोधावे किंवा नवे कौशल्य शिकावे, अशी अपेक्षा होती. त्याला दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यात नोकरी लागली की साहाय्य थांबे.

योजना हिताची होती, यात शंका नाही. परंतु तिच्या अटींकडे लक्ष दिले म्हणजे कोण आत आला आणि कोण बाहेर राहिला, हे समजते. बंद होण्याच्या दिवशी त्या गिरणीत सलग पाच वर्षे नोकरी झालेली असली पाहिजे. वेतन ठराविक मर्यादेत असले पाहिजे. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी भरलेली असली पाहिजे. कायमस्वरूपी कामगाराला या अटी जड नव्हत्या. बदली कामगाराचे काय? रोज सकाळी दरवाजाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर साच्यावर जायचे, नाही तर परत फिरायचे, अशी वर्षे काढलेल्या माणसाला सलग सेवेचा पुरावा देणे कठीण होते. शिवाय गिरणीचे दिवाळे न्यायालयात गेले की कामगारांच्या याद्या तयार होण्यास विलंब लागे आणि तोवर साहाय्यही लांबे.

आणखी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. गिरणी थांबणे आणि गिरणी कायद्याने कायमची बंद होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रे महिनोन्महिने उभी असली तरी बंदीचा रीतसर निर्णय झालेला नसेल, तर कामगार बेकार असूनही बेकार ठरत नाही. अशा मधल्या अवस्थेतील कामगाराचे हाल सर्वांत अधिक होतात. कारण त्याला कामही नसते आणि बंदीनंतरच्या साहाय्याचा दावाही करता येत नाही.

आजची व्यवस्था

ही योजना १ एप्रिल २०१७ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन करण्यात आली. ही दुसरी योजना कामगार राज्य विमा महामंडळामार्फत २००५ पासून राबविली गेली असून ती केवळ कापड गिरण्यांपुरती नाही. कारखाना बंद झाल्याने किंवा कामगार कपातीमुळे ज्या विमाधारकाचे काम गेले, त्याला पहिल्या वर्षी वेतनाच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के भत्ता, त्या मुदतीत कुटुंबासह वैद्यकीय उपचार आणि व्यवसाय शिक्षण, अशी तिची रूपरेषा आहे. यांखेरीज १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तीत बेकारीच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवसांचे साहाय्य ठरले आणि मार्च २०२० पासूनच्या बेकारीसाठी त्याचा दर सरासरी कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम या निधीत भरावयाची आणि ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाची नुकसानभरपाई यापूर्वीपासून आहे, ती वेगळीच. मात्र याच संहितेने कारखाना बंद करण्यास शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपुरती ठेवली आहे. त्यामुळे लहान कारखान्यातील कामगाराने आपल्या हक्काविषयी अधिक जागरूक राहणे आवश्यक आहे.

या सर्व योजनांत एक सूत्र आढळते. अमेरिकेतील कायदा विचारी की, गिरणी आयातीमुळे बंद पडली काय? आपल्या योजना तो प्रश्न विचारीत नाहीत. परदेशी कापड आले म्हणून, कर्ज फिटले नाही म्हणून किंवा मालकाने हात झटकले म्हणून, कारण काहीही असो. त्या विचारतात की कामगाराचे नाव नोंदवहीत आहे काय, विम्याची वर्गणी भरली गेली आहे काय. एका दृष्टीने हे उदार धोरण आहे, कारण कारण सिद्ध करण्याचा भार कामगारावर पडत नाही. पण ज्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही, त्याच्यासाठी हे दार उघडत नाही.

नोंदीबाहेरचा कामगार

मेळघाटातून उतरणाऱ्या मजुराची स्थिती बहुधा अशीच असते. चार-सहा मागांच्या छपराखाली तो हमाली करतो, कांड्या भरतो, मागावर मदतनीस म्हणून उभा राहतो. कामगार राज्य विम्याचा कायदा सामान्यतः १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि असे छप्पर त्या मर्यादेच्या खाली राहते. मजुरी आठवड्याला रोख मिळते. हजेरीपटावर सही नसते, हातात पावती नसते. बाहेरून स्वस्त कापड आले, सुताचा भाव चढला किंवा मालाला उठाव राहिला नाही, तर पहिला माग त्याच्या हाताखालचा थांबतो. होळीला तो गावी येतो आणि सणानंतर परत जाण्यास जागा उरलेली नसते. त्याच्या बेकारीची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही.

अशा माणसासाठी महाराष्ट्राने फार पूर्वी एक मार्ग काढला, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबविली गेली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. २००५ साली केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्याला याच अनुभवाचा आधार होता. १८६३ साली लँकेशायरच्या कामगारांसाठी जे संकटापुरते झाले, ते येथे कायमच्या हक्काच्या रूपाने आले. मेळघाटातील अनेक कुटुंबांनी कठीण महिने या कामांच्या आधारावर काढले आहेत.

परंतु मातीकाम हे कौशल्याची जागा घेऊ शकत नाही. ज्याच्या बोटांना तुटलेला धागा पाहताक्षणी जोडण्याची सवय आहे, त्याला त्याच धंद्यात पुन्हा स्थान मिळाले पाहिजे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्यान या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सुमारे १,००० एकरांवरील या उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. अचलपूरच्या गिरणीत घडलेले हात आणि बऱ्हाणपूरच्या मागांवरून परतलेले हात यांना तेथील भरतीत अग्रक्रम लाभला, तर जिल्ह्याच्या दृष्टीने त्याहून योग्य असे दुसरे काही नाही. वस्त्रोद्योगातील प्रशिक्षणासाठी असलेली केंद्राची ‘समर्थ’ योजना येथील तरुण-तरुणींपर्यंत त्यांना समजेल अशा भाषेत, कोरकूत आणि बाजारातल्या हिंदीत, पोहोचविणे हेही तितकेच निकडीचे आहे.

कामगाराने काय करावे

शासनाने योजना करावी आणि कामगाराने ती घ्यावी, यासाठी काही गोष्टी कामगाराच्याच हाती आहेत. कामावर लागल्या दिवसापासून नेमणुकीचे पत्र किंवा ओळखपत्र मागावे. नव्या संहितेनुसार नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. पगारातून विम्याची आणि भविष्य निर्वाह निधीची वर्गणी कापली जात असेल, तर आपला विमा क्रमांक व निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक लिहून घ्यावा. गाव बदलले, राज्य बदलले, तरी हे क्रमांक तेच राहतात. धारणीचा माणूस बऱ्हाणपुरास गेला की तो दुसऱ्या राज्यात जातो, याचा विसर पडू नये. आधारपत्र, बँकेचे पुस्तक आणि कारखान्यातील नोंद यांत नावाचे अक्षर एकसारखे असावे. एका वेलांटीच्या फरकाने दावे अडून राहतात. जो कोणत्याही विम्यात नाही, त्याने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत आपले नाव व व्यवसाय नोंदवावा. तेथे केवळ ‘मजूर’ असे न लिहिता आपण प्रत्यक्ष करतो ते काम लिहावे.

ग्रामपंचायती, शाळा आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांनाही येथे मोठे काम आहे. बाहेरगावी कामास जाणाऱ्यांची गावनिहाय वही ठेवली आणि तीत कोण, कोठे, कोणत्या कामावर, कधीपासून एवढेच लिहिले, तरी उद्या एखादी गिरणी वा मागशाळा थांबली असता त्या कामगाराचा शोध घेण्यास ती वही आधार ठरेल.

एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडचा विणकर नाहीसा झाला. त्याचा कापूस किती गठाणी गेला, याचे आकडे इंग्रजांनी काटेकोरपणे ठेवले. त्यांच्या हिशेबात तो विणकर मात्र शेतावर मोकळे होणारे दोन हात एवढाच होता. आज राज्यघटना आहे, कायदे आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणारी यंत्रणा आहे. सवलत म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून साहाय्य देण्याचे बंधन शासनाने स्वीकारले आहे. त्या हक्काच्या यादीत मेळघाटातील शेवटच्या मजुराचे नाव येईल, तेव्हाच हे बंधन पुरे झाले असे म्हणता येईल. त्यासाठी शासनाने डोंगर चढून यावे आणि कामगाराने आपले नाव लिहवून घ्यावे, एवढीच या प्रसंगी विनंती.